कूलरची घंटी

भोजराज धकाते माझ्या झेरॉक्सच्या दुकानात येतो
तेव्हा आधी दोन मिनिटं पंख्याखाली उभा राहतो,
मग पिशवीतून काढतो लग्नपत्रिका.
दुसऱ्यांच्या, उरलेल्या, तीन-तीन वर्षं जुन्या.
"पुढचं नको भाऊ, पाठीमागचं काढ. दोन कॉप्या."
मी उलटून बघतोच :
चि. सौ. कां. कुणीतरी, गोरज मुहूर्त, आहेर आणू नये,
आणि पाठीवर बॉलपेनने
संत्र्याच्या सालीचा कप.

त्या कपातून आम्ही चहा प्यायलो होतो
कळमन्याच्या बाजाराबाहेर, डिसेंबरात.
पहिला घोट झकास.
दुसऱ्याला जीभ आखडली.
टपरीवाला म्हणाला, "का बे भोजराज, काढा विकू का आता?"
तो हसला नाही. साल उजेडात धरली,
पत्रिकेच्या कडेला लिहिलं :
चहा नाही. बहुतेक दिवा.

खसाचं अस्तर लावलेलं हेल्मेट त्याने स्वतः घालून पाहिलं.
व्हेरायटी चौकाच्या सिग्नलला, शेहेचाळीस डिग्रीत,
डोकं गार, आणि डोळ्यांत पाणी.
मागच्या रिक्षावाल्याला वाटलं, माणूस रडून राहिला.
टायरच्या मुठी, भाजीच्या पिशवीनं बोटं कापू नयेत म्हणून :
अकरा विकल्या.
बारावी बहिणीनं परत केली, काळा रंग हाताला लागते म्हणे.

गोळीबार चौकाच्या मागे त्याचं घर.
बापाच्या मागाचा खड्डा आहे अजून,
त्यात पाण्याचा ड्रम उभा.
जुलैत सगळी गल्ली कूलरच्या ताट्या उपटून कोपऱ्यावर फेकते,
कुजकं, काळं, वास मारणारं गवत,
आणि हा ढिगापुढे उकिडवा बसून
हाताने उकलत असतो.
कापडाच्या किनारी कापून उरतात त्या चिंध्यांच्या
ताट्या विणतो आहे, चौथा उन्हाळा.
सुती आठ दिवसांत सडतं. नायलॉन पाणी धरत नाही.
"अर्धं-अर्धं?" मी विचारतो.
"तेच तर अर्धं किती, ते पाहून राहिलो न बाप्पा."

चाललं ते एकच.
तुपाचा रिकामा डबा कूलरच्या टाकीत तरंगतो,
पाणी उतरलं की डबा उतरतो,
दोरा ताणतो,
आणि तान्ह्या पोळ्याच्या लाकडी बैलाच्या गळ्यातली घंटी
खणखण वाजते.
रात्री तीनला कोरड्या ताटीतून झळा यायच्या आधी माणूस उठतो.
पहिला बैल त्याच्या पोरीचा होता.
ती महिनाभर बोलली नाही.

आता गल्लीत चौदा घंट्या.
पैसे कोणी दिले, विचारू नका.
दोघांनी चहा पाजला, एकाने शिव्या दिल्या,
आणि रात्री तीनला लुंगीवर, गाउनवर
आम्ही सगळे पाइप धरून उभे,
कुणाच्या टाकीतून पाणी सांडलं तर कडुनिंबाला जातं,
तेवढी नाली त्यानेच खणली.

फक्त सोरतेबाईंची घंटी वाजत राहायची.
त्यांना ऐकू येत नाही.
भोजराज भिंतीवरून पाइप टाकायचा, भरायचा, परत जायचा,
पंधरा-वीस रात्री. कुणाला बोलला नाही.
मग एक दिवस नवी पत्रिका, मागच्या बाजूला
पलंग, पाय, आणि दोऱ्याचं टोक
अंगठ्याला.
"बाई ओरडतील," मी म्हटलं.
"ओरडू दे. उठतील तर."

एका कॉपीचे दोन रुपये मी अजून घेतो त्याच्याकडून.
मशीनमध्ये अडकून चुरगळलेले कागद
मात्र आता फेकत नाही. एक बाजू कोरी असते.

काल रात्री माझी घंटी वाजली.
भोजराजच्या नावाने एक शिवी घातली, उठलो, नळ सोडला.
समोर सोरतेबाईंच्या खिडकीत
दोरा ताणला,
सैल पडला,
पुन्हा ताणला.
मग आतून खोकला.
मग दिवा.