तिसऱ्या मजल्यावरचा फ्रिज

चोवीस तारखेला, उजाडायच्या आधी,
वाशीच्या फळबाजारात दिव्याखाली उकिडवी बसून
मी स्ट्रॉबेरीच्या पेट्या उघडून बघत होते.
वरच्या थरात टपोऱ्या, एका मापाच्या,
खालच्या थरात बारक्या, पांढऱ्या खांद्यांच्या,
वाईच्या थंडीतून अजून पुरत्या जाग्या न झालेल्या.
"डिसेंबरची आहे ताई, आंबटच लागणार," पेटीवाला म्हणाला.
खरं बोलला, म्हणून त्याच्याकडूनच घेतली.

नेरूळला पोचेपर्यंत रिक्षात
पेटीचा एक कोपरा गळला.
ड्रेसवर डाग. असू दे.

धुतल्या, देठ खुडले, चिरल्या,
साखर पेरली, लिंबू पिळलं, झाकून ठेवल्या.
तासाभरात सगळ्यांनी आपलं पाणी सोडलं.
आमच्या घरात माणसांना याहून जास्त वेळ लागतो.

सासूबाई करंज्यांचे तीन डबे भरून बसलेल्या.
"संगमनेरला नाताळ असाच व्हायचा," म्हणाल्या,
"हे लालभडक कशाला?"
आणि चष्मा पुसून
दुसऱ्या पेटीचे देठ खुडायला लागल्या.

कस्टर्डमध्ये गुठळ्या झाल्या. गाळलं.
पुन्हा झाल्या. पुन्हा गाळलं.
बेकरीतला स्पंज तळाशी, त्यावर लाल रस,
त्यावर पिवळं, त्यावर लाल,
सगळ्यात वर सायीसारखं पांढरं क्रीम,
चमच्याच्या पाठीने सारवल्यासारखं.

मग फ्रिज उघडला.
चार किलो मटण दह्यात मुरत होतं,
कॅरल म्हणत येणाऱ्या पोरांच्या सरबताच्या बाटल्या,
सासूबाईंचे डोळ्यात घालायचे थेंब, कोथिंबिरीच्या जुड्या.
काचेचं भांडं आडवं नाही, उभं नाही, कसंच मावेना.

म्हणून तिसऱ्या मजल्यावर, म्हात्रेकाकांकडे.
काकू लेकीच्या बाळंतपणाला उरणला गेलेल्या.
काकांच्या फ्रिजमध्ये नुसता उजेड होता,
पाण्याची बाटली, अर्धं लिंबू,
दारातल्या कप्प्यात इन्सुलिन.
"ठेव गो पोरी," म्हणाले, "जागाच जागा हाय."
तीस वर्षं या माणसाने
पहाटे व्हॉल्व्ह फिरवून अर्ध्या नेरूळला पाणी सोडलं.
आमचं पार्किंग जिथे आहे, तिथे त्यांच्या बापाचं भात होतं.
हे ते सांगत नाहीत. काकू सांगतात.

रात्री उपासनेत अनुग्रहला झोप लागली,
माझ्या हातांना अजून लिंबाचा वास.

पंचवीसला दुपारी भांडं आणायला गेले.
काकांनी दार उघडलं, हात पाठीमागे.
क्रीम सारखं होतं, जरा जास्तच सारखं,
एका कडेला मात्र
माझ्या नसलेल्या हाताची फिरवण
आणि एक स्ट्रॉबेरी कमी.
मोरीच्या कट्ट्यावर एकच चमचा,
धुऊन पालथा घातलेला.
मी म्हटलं, "येते काका."
ते म्हणाले, "जड हाय, सांभाळून ने."

पंगतीत सासूबाईंच्या नजरेतून काही सुटत नाही,
मोतीबिंदू असला तरी.
"इथं कुणीतरी चमचा घातलाय."
"मीच," म्हटलं. "चव बघितली."
नाताळच्या दिवशी, प्रार्थना होऊन पाच मिनिटं झाली नव्हती.

संध्याकाळी उरलेल्या बारक्या,
पांढऱ्या खांद्यांच्या, बिनसाखरेच्या,
वाटीत चिरून वर घेऊन गेले. सोबत करंजी नाही.
काकांनी एक तोंडात टाकली,
एक डोळा मिटला,
हळूहळू चावली, गिळली.

"आंबट हाय गो," म्हणाले.
मग वाटीत बघतच,
"कालची बरी व्हती."