पंचमंडळीची वही

पाळकसाहेब म्हणाले, शंभर वर्षं भरतायत,
स्मरणिकेला दोन पानं इतिहास दे, सुवार्ता,
तुझं अक्षर बरं आहे.
म्हणून उघडली ही वही. कडा वाळवीनं खाल्लेल्या,
पहिली अठरा पानं मोडीत,
आणि मोडी वाचणारे शांतवनमास्तर
गेल्या पोळ्यालाच गेले.

वाचता येतं तिथून सुरू करते.

माकतायर साहेब जालन्याहून घोड्यावर आले
हे तळणेवाडीत शेंबड्या पोरालाही ठाऊक.
वहीत घोडा नाही.
वहीत आहे: जागा, मांगवाड्याखाली, ओढ्याच्या अंगाला.
पाटलानं दिली, कारण तिथं हराळीशिवाय काही उगवत नव्हतं.
भिंती मातीच्या, पत्रे मिशनचे,
घंटा म्हणून रुळाचा दीड हात तुकडा,
मनमाडच्या लाइनीवरून कुणी आणला, कसा आणला,
तिथं वही गप्प.

पुढं नावं. नावांवर काट.
लाजरस बिन कोंडिबा:
मरीआईच्या जत्रेत हलगी वाजवली,
सबब तीन महिने प्रभुभोजनाबाहेर.
पुन्हा लाजरस. पुन्हा हलगी. सहा महिने.
तिसऱ्यांदा फक्त "लाजरस", आणि शाईचा डाग,
जणू लिहिणाऱ्याचाही पाय ठेका धरत होता.
(आता नाताळला हलगीवाचून मिरवणूक निघत नाही.
हे घालू का साहेब? विचारलं नाही मी.)

साहेबानं एक बाक करून घेतलं होतं, सागवानी, स्वतःपुरतं.
मंडळी गोणपाटावर.
साहेब विलायतेला गेला, बाक राहिलं.
चाळीस वर्षं त्यावर कुणी बसलं नाही.
झाडायचे, पुसायचे, ईस्टरला तेल लावायचे.
वर बसायची ती थोमाबाबाची शेळी,
तिला पंचमंडळीनं कधी ताकीद दिल्याची नोंद नाही.

रझाकाराच्या साली चार महिने पानं कोरी.
मग एकच ओळ:
"घंटा विहिरीत टाकली होती, काढली."
हन्नाआजीला विचारलं होतं लहानपणी, काय झालं तेव्हा?
म्हणाली, काय व्हायचं माय,
पाणी लई दिस लोखंडाचं लागत व्हतं.

बहात्तरला मनुका मिळेनात, तर गुळाचं पाणी.
भाकर मिलोची, लालभडक, रेशनची.
जालन्याचे पाळक वाटी हातात घेऊन थबकले,
हे चालतं का?
थोमाबाबा उभे राहिले:
"साहेब, देवानं यंदा हेच धाडलंय. कार्डावर."
उपस्थिती एकशे बारा.
तेवढी आधी नव्हती, नंतर नाही.

त्याच्या दोन वर्षं आधी पाटी बदलली होती.
मंडळ्या एक झाल्या म्हणे वर कुठंतरी,
आमचा प्रेस्बिटेरियन शब्द चुन्यात गेला.
फारसं कुणी हळहळलं नाही;
आजीला तो उभ्या जन्मात म्हणता आला नव्हता,
ती पेशबीटर म्हणायची,
आणि कुणी विचारलंच, तर नुसतं
"वड्याकडचं देऊळ".

आता रविवारी नऊजण.
बाकीची वाळूजला, चाकणला, शिफ्टमध्ये.
वर्गणी फोनवर येते, पैशाखाली हात जोडलेले.

मोडीची पानं काल पुन्हा चाळली.
अक्षर एक लागलं नाही.
पण खाली अंगठे आहेत, अकरा,
ते वाचायला मास्तर लागत नाही.
एकावर आडवी चीर, विळ्याची असावी.
एक इतका लहान, की लेकराचा
नाहीतर फार उपाशी बाईचा.
फोटो काढून पाठवले पाळकसाहेबांना.
उत्तर आलं: छान.
पण साहेबाचा घोड्यावरचा फोटो कुठं मिळतो का बघ.

बघते म्हणाले.

हे बाकावर बसूनच लिहितेय.
एक पाय डुगडुगतो,
खाली वहीचा पुठ्ठा घडी करून घातलाय.