तया आगर कुनाचा

कुलाब्याच्या टोकाला, रात्री दीड वाजता
मी एका ताऱ्याचं मीठ मोजते आहे.

मीठ म्हणणं चूक. सोडियम.
क्लोरीनचा इथं संबंध नाही, चवीचा तर नाहीच.
पण आयेला फोनवर सांगताना
दुसरा शब्द सापडला नाही.

वृश्चिकात, ज्येष्ठेच्या उजव्या अंगाला
एक पुसट ठिपका आहे, मुंबईतून दिसत नाही.
चिलीच्या डोंगरावरची दुर्बीण तो उलगडून दाखवते :
लाखभर म्हातारे तारे, गोल मुठीत,
बारा अब्ज वर्षं एकमेकांना धरून.
लोखंड सगळ्यांत सारखंच थोडं,
सूर्याच्या बाराव्या हिश्शाएवढं.
म्हणून पूर्वी लिहायचे : एकाच ढगाची लेकरं,
एकदमच जन्मली, एकाच पाण्यावर वाढली.

मग कुणीतरी मीठ मोजलं.
निम्म्याहून जास्त ताऱ्यांत ते दुप्पट, तिप्पट.
आणि जिथं ते वाढलेलं
तिथं प्राणवायू घटलेला.

मी ५६८२ आणि ५६८८ या बारीक रेषा वापरते.
पिवळ्यातली ती ठसठशीत जोडी भरवशाची नाही,
तिच्यात वाटेतल्या वायूचा सोडियम मिसळतो
आणि खालच्या शहरांतल्या जुन्या दिव्यांचाही.
भांडुपच्या खाडीरस्त्यावर तसलेच दिवे होते.
पालिकेनं पांढरे लावले तेव्हापासून
आये म्हणते, रात्र आजारी दिसते.

तिच्या आगरात भरतीचं पाणी आधी तळ्यात यायचं,
तिथून पहिल्या वाफ्यात, बांध फोडून दुसऱ्यात,
मग पुढच्या. आटत, जड होत.
शेवटच्या वाफ्यातलं ती बोटावर घेऊन जिभेला लावायची
आणि सांगायची, अजून दोन दिवस.
एकदाच चुकली.
बाबा गेले त्या आठवड्यात.

ताऱ्यांचंही असंच काहीतरी झालं असावं.
पहिल्यांनी पोटात शिजवून टाकलेला वायू,
प्राणवायू जळालेला, सोडियम चढलेलं,
त्यातून दुसरे जन्मले. इथवर बहुतेकांना मान्य.
पण टाकला कुणी?
म्हातारपणी फुगून सैल झालेल्यांनी?
गरगर फिरणाऱ्या राक्षसांनी?
की जोडीनं राहून एकमेकांचं अंग ओरबाडणाऱ्यांनी?
प्रत्येक गणितात काहीतरी उरतं.
मुख्य म्हणजे पहिल्यांचं वजनच पुरत नाही,
एवढ्या लेकरांना एवढं मीठ
आणलं कुठून?

आयेनं सगळं ऐकून घेतलं. मागे टीव्ही चालू.
“ताऱ्यान पन मीठ?”
होय.
“मंग तया आगर कुनाचा?”

मी हसले. मग नीट हसता आलं नाही.
आमचा भाडेपट्टा संपून अकरा वर्षं झाली.
बांधावर पाटी आहे, केंद्र सरकारची,
तिच्याशेजारी दुसरी, राज्याची,
दोन्हींवर कोर्टाच्या दाव्याचा तोच क्रमांक
आणि दोन्हींवर बगळ्यांची शिट.
कमळाकर, माझा सख्खा भाऊ,
तिथं न बांधलेल्या इमारतींतले फ्लॅट
आत्ताच लोकांना दाखवतो, मोबाइलवर.
दिवाळीला भेटलो की आम्ही हवामानावर बोलतो.
आये पिशवीतलं मीठ आणते. भुरभुरीत, पांढरंफेक.
म्हणते, नुसतं खारट आहे.

तारा क्रमांक ३१०४.
सोडियम अधिक शून्य पूर्णांक चार.
चूक धरावी शून्य पूर्णांक शून्य पाच.
जिभेला इतकं बारीक कळलं असतं का?
कळलं असतं, असं मला वाटतं,
पण हे शोधनिबंधात लिहिता येत नाही.
शेवटचा रकाना स्रोताचा.
तिथं सगळेच ‘अनिश्चित’ लिहितात, मीही.

फोन ठेवता ठेवता ती म्हणाली होती,
“अवस हाय आज. बारा वाजता उधान.”
म्हणजे पाणी येऊन गेलं.
खिडकीखाली खडक ओले दिसू लागलेत, एकेक.
भांडुपला आगराच्या दाराशीही ते आलं असणार,
फळीला लागून थोडा वेळ थांबलं असणार.