कागद सुटतो तेव्हा

पीथमपूरच्या शेडमध्ये आठ चाकांचा ट्रक
लोखंडी पाटावर साखळदंडांनी बांधलेला.
पाट एका कुशीने वर येतोय, अगदी सावकाश,
झोपलेल्या बाळाखालचं दुपटं काढावं तसा.

वरच्या अंगाच्या टायरखाली मी कागद सरकवलाय,
सकाळच्या शेवेचा, तेलकट.
मधूनमधून ओढून पाहायचा.
अडकला, म्हणजे चाक अजून जमिनीचं.

एकवीस अंश. अडकला.
सव्वीस. अडकला, पण कमानी कण्हतायत.
एकतीसला कागद अलगद हातात आला.
आवाज नाही, काही नाही.
मी वहीत लिहिलं : एकतीस.

वाघमोडे हवालदार, महूहून आलेले,
बावीस वर्षं असलेच ट्रक चालवलेले,
म्हणाले, "ताई, वीस लिहा.
तुमचा पाट जागचा हलत नाही. नाल्याचा काठ हलतो.
टाकी अर्धी असली की आधी पाणी कलतं,
ट्रक त्याच्या मागून.
आणि मागे बसलेली पोरं
दरी दिसली की सगळी एकाच बाजूला वाकतात."

"तुमचा कधी उलटला होता?"
त्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली.
"तेव्हा हा कागद नव्हता."
एवढंच.

पाट खाली आला. साखळ्या सैल पडल्या.
एकतीस मी खोडलं नाही, तो आकडा खराच आहे.
शेजारी लाल शाईने वीस लिहिलं,
आणि राऊ येईपर्यंत बसमध्ये
प्रत्येक वळणाला
पाय घट्ट रोवून बसले.