रेघेची जाडी

नकाशा एकास दहा हजारचा.
पाटबंधारे खात्याच्या दोन रेघा त्यावर,
निळी आणि लाल.
निळीच्या आत बांधू नये,
लालच्या आत बांधलंच तर जोतं उंच घ्यावं,
असं नियमात.

चंपाबाई भोकरेंचं घर लवकर सापडलं नाही.
सांगलीत, शामरावनगरच्या पलीकडं, गुंठेवारीतला प्लॉट,
रस्ता म्हणायचा तो अजून मुरूमच,
आणि जानेवारीतसुद्धा कोपऱ्यावर पाणी उभं,
त्यात एक बगळा, पगारी माणसासारखा निवांत.

प्रश्नावली बेचाळीस प्रश्नांची.
चौदावा : आपण पूरक्षेत्रात का राहता?
कामाजवळ. स्वस्त. नातेवाईक. इतर.
‘इतर’पुढं दीड इंच मोकळी जागा.

त्या मार्केट यार्डात हळद निवडतात.
पिवळी बोटं पदराला पुसत म्हणाल्या,
“आमी कुठं पुरात ऱ्हायला आलो बाई?
आमी आलो तवा हितं शाळू हुता.
पूर मागनं आला.
आदी भराव पडला, मग लग्नाचा हॉल झाला,
वड्यावर दुकानं बसली,
आन् मग पानी आलं घरात, इचारत,
माजी वाट कुटं गेली म्हनून.”

दीड इंचात एवढं मावेना.
मी समासात लिहीत गेले,
मग पानामागं,
मग पंधराव्या प्रश्नाच्या अंगावर.

पिशवीतल्या पिशवीतून कागद निघाले :
गुंठेवारी नियमित केल्याचा दाखला, घरपट्टीच्या पावत्या,
आणि पूररेषेत बांधल्याबद्दल नोटीस.
कचेरी एकच. शिक्कासुद्धा तसाच,
डावीकडं थोडा पुसट.

रात्री खोलीवर पट्टी लावून बसले.
निळ्या रेघेची जाडी भरली एक मिलिमीटर.
म्हणजे जमिनीवर दहा मीटर.
म्हणजे तेहतीस फूट.
तेहतीस बाय तेहतीस : एक गुंठा.

घर आत नाही.
बाहेरही नाही.
ते रेघेत आहे.
आखणाऱ्यानं जरा बारीक निबाचं पेन घेतलं असतं, तर

सर म्हणाले, हे प्रबंधात कुठं बसवणार?
एकशेऐंशी घरांत एक घर म्हणजे किस्सा,
आणि किश्शावर धोरण होत नसतं.
बरोबरच आहे त्यांचं.
मी पुन्हा मोजायला बसले, या वेळी अख्खी रेघ,
पुलापासून मळीपर्यंत.
चारशे अकरा छपरं.
तक्त्यात रकाने दोनच : आत, बाहेर.
तिसरा आखलाय. मथळा अजून कोरा.

संमतीपत्रावर चंपाबाईंनी सही केली होती,
वळणदार, पाठशाळेत गिरवलेली.
नकाशाची घडी घालू लागताना मात्र त्यांचं बोट लागलं.
निळ्यावर पिवळं.
तेवढ्यापुरती रेघ हिरवी दिसते.

आमच्या रंगसूचीत हिरवा म्हणजे
बांधकामास सक्त मनाई.
खोडरबर घेऊन बसले.
कागद झिजला.
हळद आहे ती.