एक साप

ग्रँट रोडच्या पुलाखाली गेनूभाऊंच्या पेटीवर
चिकटवलेला चौकोन माझ्या नावाचा.
त्यांचं खातं नाही.
दिवसभर पैसे माझ्या फोनमध्ये पडतात,
संध्याकाळी फुकट गेलेल्या झेरॉक्सच्या पाठीवर
हिशेब लिहून मी मोजून देते.

आज मेक्सिकोची एक बाई, चपलेचा अंगठा तुटलेला.
शिवून झाल्यावर तिनं फोन चौकोनावर धरला,
मग तिरका धरला, मग ओढणीनं काच पुसून.
इथलं खातं नाही, म्हणाली.
मी सांगितलं त्यांना.
"माझं तरी कुठंय?" गेनूभाऊ हसले.

पर्स उपडी करून तिनं एक नाणं दिलं,
गरुडाच्या चोचीत साप.
त्यांनी ते रापीवर वाजवून पाहिलं.

संध्याकाळी मी लिहीत गेले:
वीस, चाळीस, परत वीस.
"खाली लिही," ते म्हणाले,
"एक साप."