बारावी खोली

अकरा खोल्यांचं भाडं भरलं मी,
धारणीपासून मोर्शीपर्यंत.
बदलीच्या ऑर्डरमागे एक पत्र्याची पेटी, एक कूलर,
आणि प्रत्येक घरमालकाचं तेच पहिलं वाक्य:
भिंतीला खिळा ठोकायचा नाही.

बारावी विकत घेतली.
राहायला नाही, भाड्यानं द्यायला.
वरुडात, संत्रामंडीच्या मागे,
दोन खोल्या, एक मोरी, वर कवेलू,
नमुना आठवर अजून मालकाच्या मेलेल्या चुलत्याचं नाव.

भोंगाडे म्हणाले, "फेरफार होऊन जाते, बाई,
तुम्ही इसाराचं पाहा."
मी आधी फेरफार पाहिला, मग इसार दिला.
बावीस वर्षं लोकांचं रक्त काचेवर पसरून बघते,
कुणी म्हटलं म्हणून मलेरिया निगेटिव्ह होत नाही.

पीएफचा अ‍ॅडव्हान्स, सोसायटीचं कर्ज,
आणि एक गोफ,
ज्याच्याबद्दल घरी अजून कुणी विचारलं नाही.

शब्बीर मिस्त्रीनं काठीनं छत टोकरलं.
"मॅडम, कवेलू काहाडू नका,
टिनाखाली माणूस भाजते उन्हायात."
पण गळतं ना.
"गयते तिथले बदलू. सगयेच कायले?"

मोरीचा उतार उलटा होता.
इतकी वर्षं पाणी घरातच येत होतं
आणि एकही भाडेकरू बोलला नसेल.
मीही नव्हते बोलले,
धारणीला, तीन पावसाळे.

चुलीमागचा चुना खरवडला
तर खाली पेन्सिलीनं लिहिलेलं निघालं:
सोम खाडा. मंगळ खाडा.
बुध दूध पाव लिटर जास्त, पाहुणे.
शब्बीर थांबला, पटाशी हातात.
खरवडा, म्हटलं मी.
मग तो चहाला गेला तेव्हा जवळ जाऊन वाचलं.
गुरुवारचं पोपड्यासोबत आधीच खाली पडलं होतं.

दिवाळीनंतर आली प्रणोती मसराम,
नवी तलाठी, पहिलीच नेमणूक.
बाप दाराबाहेरच उभा, चप्पल काढून.
तिनं नळ सोडून पाहिला, बंद केला, परत सोडला.
कूलरसाठी मोठी केलेली खिडकी पाहिली.
"ताई, नियम काय आहेत?"

"भिंतीला खिळा..."
माझ्याच तोंडून निघालं,
आवाज मात्र माझा नव्हता.
मंडीत पेट्या ठोकत होते,
फळीमागे फळी, चार-चार खिळे.

"डिपॉझिट दोन महिन्यांचं," मी म्हटलं.
तेवढं सोडलं नाही.
"खिळे उरलेत डब्यात, दीड इंची.
प्लास्टर अजून ओलं आहे, पंधरा दिवस थांब,
मग हवे तिथं ठोक."
बापानं तेव्हा कुठं आत पाय ठेवला.

सहाची बस धरून मी घरी आले,
म्हणजे मोर्शीला, खोली नंबर अकरा.
इथं कॅलेंडर
अजून दाराच्या कडीलाच टांगलंय.
दार उघडलं की महिना हलतो.